भावना कशा उत्पन्न होतात?

राग आला, भीती वाटली, मनात मत्सर डोकावला, एवढ्यावरूनच आपल्या हातून पाप घडले असे मानणारे भाविक आपल्यात आहेत. दुःख आवरत नाही म्हणजे आपली श्रद्धा उणी पडली, असेही काहींना वाटते. भावना मुळात कशी उत्पन्न होते हे आपण समजून घेतले, तर हे ओझे हलके होऊ शकेल.

भीती वाटते म्हणून छाती धडधडते, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ साली हा क्रम उलटा मांडला. प्रथम शरीरात बदल घडतात आणि त्या बदलांची जाणीव हीच भावना होय, असे त्यांचे म्हणणे होते. वॉल्टर कॅनन यांनी १९२७ साली यावर आक्षेप घेतला. राग असो वा भीती, छातीची धडधड जवळपास सारखीच असते; मग केवळ शरीरावरून त्यांतील भेद कसा कळावा?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्या खानदेशाकडे पाहू या. जूनच्या आरंभी वाऱ्यासह काळे ढग दाटून येतात. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल भागात ज्याच्या केळीचे घड कापणीला आले आहेत, त्याच्या पोटात भीतीचा गोळा उठतो. कारण एका वादळात उभी बाग आडवी होते. धुळे जिल्ह्यातील जिरायती शेतकरी मात्र कपाशीच्या पेरणीसाठी त्याच ढगांची वाट पाहत असतो. तो आनंदित होतो. ढग सारखेच, भावना मात्र भिन्न. म्हणजेच घटनेचा आपण आपल्यापुरता जो अर्थ लावतो, त्यातून भावना जन्म घेते.

हाच विचार मॅग्डा अर्नोल्ड या कॅथोलिक मानसशास्त्रज्ञ विदुषीने १९६० साली आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला. शिकागो येथील जेझुइटांच्या लोयोला विद्यापीठात त्या अध्यापन करीत. समोरची गोष्ट आपल्याला हितकर की अहितकर, याचे मन क्षणार्धात मूल्यमापन करते आणि त्यानुसार भावना उद्भवते, असे त्यांनी प्रतिपादन केले. या विचारामागे तेराव्या शतकातील संत थॉमस अक्विनास यांच्या चिंतनाचाही आधार होता.

हे मूल्यमापन आपण ठरवून करीत नाही. म्हणून भावनेचा पहिला उमाळा हे पाप नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथातही (परिच्छेद १७६७) भावना स्वतः चांगल्या किंवा वाईट नसतात, असे शिकवले आहे. बुद्धी आणि इच्छा यांचा संबंध आला की त्यांना नैतिक मूल्य लाभते. लाझरसच्या कबरेपाशी प्रभू येशूने स्वतः अश्रू ढाळले. संत पौलही इफिसकरांना राग आला तरी पाप करू नका, असे सांगतो (४:२६).

जळगावजवळच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनी मनाला पिकात पुन्हा पुन्हा शिरणाऱ्या गुराची उपमा दिली. गुराला हाकलता येते, पण ते एकदाच हाकलून भागत नाही. संत थॉमसही म्हणतात की, बुद्धीची भावनांवरील सत्ता मालकाच्या गुलामावरील सत्तेसारखी नसते. ती स्वतंत्र नागरिकांवरील राज्यकारभारासारखी असते. भावनांना समजावून, वळवून घ्यावे लागते.

म्हणून राग आला असता आपण स्वतःला विचारावे : या घटनेचा मी कोणता अर्थ लावला? तो खरा आहे काय? आणि आता मी काय करणार? प्रायश्चित्त संस्काराची तयारी करतानाही हेच प्रश्न उपयोगी पडतील. खिन्नता आठवडेच्या आठवडे हटत नसेल, तर प्रार्थनेसोबत डॉक्टरांचे साहाय्य अवश्य घ्यावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा दूरध्वनी क्रमांक १४४१६ आहे. असे साहाय्य घेणे हे अश्रद्धेचे लक्षण नव्हे. देवाने दिलेल्या मनाची ती काळजीच होय.