झाडपाल्याची पुडी घेण्याआधी

धुणीभांडी, झाडलोट, ओझी वाहणे यांत दिवस गेला की गुडघे सुजतात. मग कुणीतरी सांगते, "ही पुडी घ्या, झाडपाल्याची आहे, अपाय काही नाही." रात्रीतून दुखणे थांबते. इथेच आम्ही वाचकांना सावध करू इच्छितो.

झाडपाल्यात सूज उतरवणारी द्रव्ये असतात, हे खरे आहे. विलो नावाच्या झाडाच्या सालीतील सॅलिसिनच्या अभ्यासातूनच पुढे अ‍ॅस्पिरिनची गोळी आली. हळदीत कर्क्युमिन असते, आल्यात जिंजेरॉल, सालईच्या डिंकात बोसवेलिक आम्ल. शरीरात सूज वाढवणाऱ्या रसायनांना ही द्रव्ये आवर घालतात.

पण त्यांचे प्रमाण पाहा. १०० ग्रॅम हळदीत कर्क्युमिन साधारण ३ ग्रॅम, आणि त्यातलेही फार थोडे रक्तात उतरते. मिरीमुळे ते जास्त शोषले जाते, तरी गुण यायचा तो सावकाशच येतो. म्हणून एका रात्रीत उतार पाडणाऱ्या पुडीचा संशय घ्यावा. अशा पुड्यांत स्टिरॉइड किंवा वेदनाशामक औषध मिसळल्याचे तपासण्यांत अनेकदा आढळले आहे.

स्टिरॉइड महिनोन्‌महिने पोटात गेले की चेहरा सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. वेदनाशामकांनी पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे बिघडतात.

मग काय करावे?

• घटक, उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक नसलेली पुडी घेऊ नका.

• बरेच दिवस घेत असाल तर मनाने एकदम बंद करू नका. तेही धोक्याचे असते. पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दाखवा.

• जेवणातली हळद खुशाल खा. हळदीच्या गोळ्या मात्र विचारल्याशिवाय नकोत. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे. पित्ताशयात खडे असलेल्यांनी, रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायांनी विशेष जपावे.

• उकिडवे बसण्याऐवजी स्टुलावर बसून काम करा. खुर्चीत बसून एकेक पाय सरळ उचलून थोडा वेळ धरा; मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा भार हलका होतो.

• सकाळी बोटे अर्ध्या तासाहून अधिक आखडत असतील, तर तो संधिवात असू शकतो. लवकर तपासा. वेळीच उपचार मिळाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचतात.