उघडता यायला हवा असा सांधा

संपादकांना ‘बर्फाळ मुलखातली ऊब’ या विषयावर लेख हवा होता. मी तेव्हा जानेवारीत न्यू हॅम्पशायरला भाच्याकडे मुक्कामाला होतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. दिवाणखान्यातल्या पेलेट स्टोव्हवर चार रंगीत परिच्छेद लिहीन असं ठरवलं होतं. पण स्टोव्ह राहिला बाजूला. त्याच्या पाठीमागून भिंतीत शिरणाऱ्या तीन इंची नळीनेच मला आठवडाभर खिळवून ठेवलं.

इतिहास थोडक्यात उरकतो. सत्तरच्या दशकात तेल महागलं आणि लाकूडगिरण्यांतल्या भुशाकडे लोकांचं लक्ष गेलं. भुसा वाळवून, भरडून, प्रचंड दाबाने साच्याच्या भोकांतून ढकलला की लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन त्याला धरून ठेवतं. वेगळा डिंक लागत नाही. शेंगदाण्याहून बारीक, पाव इंच व्यासाच्या कांड्या तयार होतात, त्या म्हणजे पेलेट. पुढे बोइंगमधले अभियंता जेरी व्हिटफील्ड यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्या जाळणारा घरगुती स्टोव्ह बनवला. भाच्याच्या गराजमध्ये चाळीस पौंडांच्या पिशव्यांची थप्पी आहे. पन्नास पिशव्या म्हणजे अमेरिकी एक टन. याच राज्यात जाफ्री गावी पेलेटचा कारखानाही आहे.

यंत्र तसं शहाणं आहे. वरच्या पेटीतून फिरता मळसूत्री दांडा मोजून मोजून पेलेट टाकतो, तापलेली सळई ते पेटवते, एक पंखा खोलीत गरम हवा सोडतो आणि दुसरा पंखा धूर ओढून नळीत ढकलतो. माझं कुतूहल या दुसऱ्या पंख्यापाशी अडकलं.

लहानपणी आमच्या घरी आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब होता. मधोमध नळी, खाली निखारे, आणि धूर आपल्या उष्णतेनेच वर चढायचा. साध्या लाकडी शेगडीच्या धुराड्यातही असंच होतं. आतली हवा वर सरकते, नळीत ओढ तयार होते, आणि सांध्याला फट असली तर खोलीतली हवा आत खेचली जाते. पेलेट स्टोव्हमध्ये हे उलटं आहे. पंख्यापर्यंत ओढ आणि पंख्यापुढे दाब. म्हणजे मागच्या नळीत कुठे दोरा जाईल एवढी फट राहिली, तर धूर, बारीक राख आणि कार्बन मोनॉक्साइड थेट घरात.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) यंत्राला याचा पत्ता नसतो. दार उघडं राहिलं किंवा नळी तुंबली तर ओढ कमी होते, एक छोटा स्विच ते ओळखतो आणि पेलेट पडणं थांबतं. पण हा स्विच बघतो पंख्याअलीकडची ओढ. पलीकडे सांधा गळत असेल तर पंख्याचं काम उलट हलकंच होतं, स्टोव्ह मजेत चालू राहतो.

भाच्याने हे घर घेतलं तेव्हा स्टोव्ह आधीच बसवलेला होता. रोज पेटवताना पाच मिनिटं खोलीत धुराचा वास यायचा, मग जायचा. “मामा, वास गेला म्हणजे धूर थांबला असं नाही,” फिटर येण्याआधीच तो मला म्हणाला. पेटताना आतलं जळणाचं भांडं धुराने भरतं म्हणून नाकाला कळतं. ज्वाला स्वच्छ झाली की गळती तशीच राहते, फक्त दिसत नाही. मोनॉक्साइडला तर वासच नाही, म्हणून त्याची घंटा वाजवणारी डबी भिंतीवर लावलेली असते.

फिटर आला. पन्नाशीचा, अबोल, गुडघ्यांना पट्टे बांधलेला. त्याने दिवे घालवायला सांगितले, स्टोव्ह पेटवायला लावला आणि बॅटरीचा झोत नळीवर आडवा धरला. स्टोव्हच्या तोंडाला नळी जोडणाऱ्या अडॅप्टरपाशी धुराचा एक केस हलत होता. मग त्याने सांध्याखालची राखाडी रेघ दाखवली. ती अनेक महिन्यांची होती.

ही नळी दुहेरी भिंतीची असते, आत स्टेनलेस पत्रा, बाहेर जस्ताचा, मध्ये हवेची पोकळी. फिटरने भाच्याची नळी बोटांवर मोजली. उभी एक फूट म्हणजे अर्धा, आडवी एक फूट म्हणजे एक, काटकोनी वळण म्हणजे पाच. टी-सांध्याचे पाच, पाच फूट उभ्या नळीचे अडीच, कोपऱ्याचे पाच, आडव्या दोन फुटांचे दोन: साडेचौदा. पंधरा ओलांडले असते तर चार इंची नळी लागली असती. उभ्या नळीचा आग्रह वीज जाण्याच्या भीतीने. डिसेंबर २००८मध्ये गोठत्या पावसाने या राज्यातल्या कित्येक घरांची वीज अनेक दिवस गेली होती. पंखा थांबला की उरलेल्या धुराला वर ओढायला ही उंचीच असते.

मग खरी कटकट सुरू झाली. जुन्या मालकाने अडॅप्टरवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी गुंडाळली होती. तिचा गोंद उष्णतेने सुकून पट्टी सालासारखी सुटत होती. त्याखाली शेगडीचा सिमेंट लिंपलेला. तापून-निवून पत्रा फुगतो-आकसतो, सिमेंटला ते जमत नाही, त्याला तडे गेले होते. तो खरवडण्यात दुपार गेली. फिटरने मग लाल सिलिकॉनची रेघ आतल्या सांध्यावर ओढली. हे सिलिकॉन साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं आणि सांध्याबरोबर थोडं हलतंही. आखूड स्क्रू घेतले, कारण लांब स्क्रू आतल्या पत्र्याला भोक पाडतो आणि नवी फट तयार होते.

पण सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यावर घट्ट होतं, आणि जानेवारीतली इथली घरातली हवा कोरडी ठाक. एक रात्र स्टोव्ह बंद ठेवायचा म्हणाला. आम्ही स्वेटरांवर स्वेटर चढवून पोहे खाल्ले.

त्याहून वाईट कोडं होतं टीच्या खालच्या टोपणाचं. उडालेली राख तिथेच साचते, म्हणून ते मोसमात दोन-तीनदा उघडून ब्रश फिरवायचा असतो. कायमचं लिंपलं तर साफसफाई बंद, नळी तुंबणार. सैल ठेवलं तर धूर. फिटरच्या मते चांगला सांधा म्हणजे पुढच्या माणसाला पाठीमागचा पत्रा न वाकवता सोडवता येईल असा. त्याने टोपणाला फक्त बाहेरून पट्टी लावली आणि ती दर वेळी नवी लावायला भाच्याला बजावलं.

दुसऱ्या दिवशी फिटर परत येऊन बघून गेल्यावर पंखा चालवून मी देवघरातली उदबत्ती सगळ्या सांध्यांपाशी फिरवली. अडॅप्टरपाशी धूर सरळ चढला. टोपणापाशी मात्र तो नळीपासून बाहेर झुकला, अगदी किंचित. फिटर अजून जिन्याखाली बूट घालत होता. त्याने मान हलवली, एक बूट काढला आणि पिशवीतून पट्टीचं भेंडोळं परत बाहेर घेतलं.