प्रथिन पोचले नाही, तेव्हा

पुसदच्या पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा मिळतो. तो गालात दाबला, की बराच वेळ तिथेच राहतो. साऱ्या विदर्भाची ही सवय आहे. तंबाखूचा धोका सगळे जाणतात. पण नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच दिला होता. साधी सुपारी निरुपद्रवी समजून ती पोरांच्या हाती देणाऱ्या घरांत ही गोष्ट पोचायलाच हवी.

गालाच्या अस्तरातल्या पेशी बेसुमार वाढू लागल्या, म्हणजे लगेच सारे संपले असे नाही. अस्तराच्या तळाशी प्रथिनांचा एक पातळ पडदा असतो. पेशी त्याच्या वर आहेत तोवर रोग जागच्या जागी असतो. पडदा फोडून त्या खाली स्नायूत आणि लसिकावाहिन्यांत शिरल्या, की मानेतल्या लसिकागाठींपर्यंत जायला वाट मिळते. रुग्णाचे भवितव्य बरेचसे या घुसखोरीवर ठरते.

ही घुसखोरी पेशीला जमते कशी? जनुके बिघडतात हे खरे, पण तेवढ्याने भागत नाही. पेशीत प्रथिन नुसते तयार होऊन चालत नाही, ते नेमक्या जागी पोचावे लागते. पुष्कळ प्रथिने सूक्ष्म पिशव्यांत भरली जातात. कायनेसिनसारखी वाहक प्रथिने त्या पिशव्या सूक्ष्मनलिकांवरून आठ-आठ नॅनोमीटरची पावले टाकत ओढतात. कोणती पिशवी कुठे जायची, हे रॅब नावाची प्रथिने ठरवतात. एसटीच्या कपाळावरची पाटीच ती. या वाहतुकीचा उलगडा करणाऱ्या रॉथमन, शेकमन आणि स्यूडॉफ यांना २०१३ चे नोबेल मिळाले.

यातला एक महत्त्वाचा धागा आपल्याच राज्यात, खारघरमध्ये उलगडला गेला. टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत सोरब दलाल यांचा गट शेजारच्या पेशींना एकमेकींशी घट्ट जखडणाऱ्या डेस्मोसोम या सांध्यांचा अभ्यास करतो. प्लाकोफिलिन-३ हे सांध्यातले प्रथिन घटवले, की पेशींची पकड सुटते आणि रोग पसरण्याची त्यांची क्षमता वाढते, हे त्यांनी २००८ मध्ये दाखवले. २०१४ चा शोध मला त्याहून विलक्षण वाटतो. प्लाकोग्लोबिन हे दुसरे प्रथिन पेशीच्या कडेपर्यंत न्यायला १४-३-३ गॅमा नावाचे प्रथिन लागते, आणि ओढायला कायनेसिन. १४-३-३ गॅमा काढून घेतले, तर प्लाकोग्लोबिन कडेला पोचत नाही आणि सांधा उभाच राहत नाही. हे प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर झाले आहेत. खर्रा खाणाऱ्याच्या गालात नेमके हेच घडते, असा दावा त्यावरून करता येणार नाही.

पकड सुटली, तरी पडदा फोडायला हत्यार लागतेच. एमटी१-एमएमपी हे प्रथिने कापणारे विकर पेशीच्या पोटातल्या पिशव्यांत साठलेले असते. घुसखोर पेशी त्या पिशव्या पडद्याला टेकलेल्या बारीक फुगवट्यांकडे वळवतात आणि कापणी तिथेच चालते. १९९० च्या दशकात अशी विकरे सरसकट बंद पाडणारी मॅरिमास्टॅटसारखी औषधे रुग्णांवर वापरून पाहिली गेली. सांधे-स्नायू दुखू लागले आणि अपेक्षित फायदा दिसला नाही. म्हणून विकराऐवजी त्याची वाहतूकच रोखता येईल का, याचा शोध आता घेतला जातो आहे. मात्र हीच वाहतूक निरोगी पेशींनाही लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

तोवर भिस्त शस्त्रक्रियेवर. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, सुरुवातीच्या मुखकर्करोगात मूळ गाठीबरोबरच मानेतल्या लसिकागाठीही काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. मानेत रोग दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. मूळ गाठीची रुंदी लहान असली, तरी घुसखोरीची खोली ५ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली, तर आता तिची गणना पहिल्या पायरीत होत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणी अहवालात ही खोली नोंदवलेली असते. नागपूर वा यवतमाळहून अहवाल घेऊन परतणाऱ्या पुसदकरांनी तो आकडा डॉक्टरांकडून समजून घ्यावा.