टीव्ही टांगायचा, पण कुठे?

रविवारची सकाळ. घरात नवा टीव्ही आला आहे. तो खोक्यातून बाहेर निघेपर्यंत कोणालाच दम नाही. बसवायला आलेला कारागीर ड्रिलची वायर सोडवत विचारतो, "बोला, कुठं लावायचा?"

बाबा म्हणतात, "वर, त्या तसबिरींच्या ओळीत. म्हणजे कोणाचा हात लागायला नको." ताई म्हणते, "नको, खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू. तिथं जागा मोकळी आहे." धाकट्याला पुढे ओढता येणारा स्टँड हवा आहे. चटईवर बसलेली आजी म्हणते, "कुठंही लावा रे बाबांनो, पण मला मान वर करायला लावू नका."

कारागीर भिंतीकडे पाहतो, हाताने अंदाज घेतो आणि दहा मिनिटांत भोके पाडून मोकळा होतो. ती भोके मग वर्षानुवर्षे तशीच राहतात आणि आजीची मानही तशीच दुखत राहते.

विद्यार्थिमित्रांनो, कारागिराचा हा प्रश्न खरे म्हणजे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातला आहे. तरफ, घर्षण, परावर्तन आणि कोन एवढे ज्याला ठाऊक आहे, त्याला याचे उत्तर काढता येते. त्यासाठी मोजपट्टी, आरसा, आलेख कागद आणि जुने वर्तमानपत्र एवढे साहित्य पुरे.

टेबलावरून भिंतीवर

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळचा संच म्हणजे लाकडी पेटीत बसवलेली काचेची मोठी नळी. नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे आणि पुढच्या पडद्यावर ओळीमागून ओळ फिरत चित्र उमटवी. झोताला पडद्याच्या कडेपर्यंत वळता यावे म्हणून नळी लांब ठेवावी लागे. म्हणून पडदा मोठा तर पेटीही खोल! त्यात काच जाड. असा अवजड संच मजबूत टेबलावरच शोभे.

आजच्या संचात ती नळी नाही. द्रवस्फटिकांचा पातळ थर आणि त्यामागे एलईडी दिव्यांचा उजेड, एवढ्यावर काम भागते. त्यामुळे जाडी काही सेंटिमीटरांवर आली. ४३ इंची संचाचे वजन साधारण ८ किलोग्रॅम भरते. म्हणूनच तो भिंतीवर चढू शकला. मात्र हाच उंच, पातळ संच नुसता टेबलावर ठेवला, तर एखाद्या धक्क्याने पुढे कलंडू शकतो. लहान मुले कपाटाच्या खणावर पाय देऊन चढताना संच अंगावर पडल्याचे अपघात अनेक देशांत झाले आहेत. तेव्हा भिंतीवरचा स्टँड ही केवळ शोभेची वस्तू नाही. मात्र तो नीट बसला पाहिजे.

आधी डोळे मोजा

घरातली माणसे टीव्ही पाहताना जशी बसतात तशी त्यांना बसू द्या आणि जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजा. खुर्चीवर बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे साधारण १०५ ते ११५ सेंटिमीटरांवर येतात. मांडी घालून जमिनीवर बसलेल्याचे ७० ते ७५ सेंटिमीटरांवर. तुमच्या घरातले आकडे थोडे वेगळे येतील. तेच खरे धरा.

आता समजा, बाबांच्या म्हणण्याप्रमाणे टीव्ही तसबिरींच्या ओळीत लावला. त्याचा मध्य १७० सेंटिमीटरांवर गेला. सगळे २०० सेंटिमीटर अंतरावर बसले आहेत. बाबांचे डोळे १०५ वर, आजीचे ७२ वर. म्हणजे बाबांना डोळ्यांच्या पातळीपेक्षा ६५ सेंटिमीटर आणि आजीला ९८ सेंटिमीटर वर पाहावे लागणार.

हे आलेख कागदावर काढा. २०० सेंटिमीटरांसाठी १० सेंटिमीटरांची आडवी रेघ घ्या. तिच्या टोकाला बाबांसाठी ३.२५ आणि आजीसाठी ४.९ सेंटिमीटरांची उभी रेघ काढा. तिरप्या रेषा जोडून कोनमापकाने मोजा. बाबांचा कोन सुमारे १८ अंश आणि आजीचा सुमारे २६ अंश येईल!

माणसाच्या डोक्याचे वजन सुमारे ४ ते ५ किलोग्रॅम असते. मान सरळ असली की ते मणक्यांवर छान तोलले जाते. मान मागे टाकून तासभर बसले, की तो तोल बिघडतो आणि मानेच्या मागच्या सांध्यांवर ताण येतो. शिवाय वर पाहताना पापण्या अधिक उघडतात. डोळ्यांवरचे अश्रूंचे पातळ आवरण हवेला जास्त उघडे पडते आणि लवकर वाळते. आजीचे डोळे चुरचुरतात ते मालिका पाहून रडल्यामुळेच असे समजू नका!

आता मध्य १७० ऐवजी १०५ सेंटिमीटरांवर आणा. बाबांचा कोन शून्य होतो आणि आजीचा सुमारे ९ अंशांवर उतरतो. म्हणून नियम असा: पडद्याचा मध्य बसलेल्यांच्या डोळ्यांच्या पातळीत किंवा जेमतेम वर ठेवावा.

घरात नुकते उभे राहू लागलेले मूल असेल किंवा खाली कपाट असेल, तर टीव्ही वर न्यावाच लागतो. अशा वेळी पडदा खाली झुकवता येईल असा स्टँड घ्यावा. किती झुकवायचा? मध्य १४० सेंटिमीटरांवर आणि अंतर २५० असेल, तर बाबांचा कोन सुमारे ८ अंश आणि आजीचा सुमारे १५ अंश येतो. पडदा ११-१२ अंश झुकवला, की तो दोघांच्याही दृष्टिरेषेला जवळजवळ काटकोनात येतो. त्यामुळे मान पुरती सुटत नाही, पण चित्राचे रंग फिके दिसत नाहीत. द्रवस्फटिकांचे अनेक पडदे तिरपे पाहिले, की त्यांचे रंग उतरलेले दिसतात.

किती दूर, कोणत्या भिंतीवर?

निरोगी डोळ्याला एक अंशाच्या साठाव्या भागाइतका बारीक कोन ओळखता येतो. १ मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके साडेतीन मीटरांपलीकडून एकच वाटू लागतात, ते यामुळे. ४३ इंच म्हणजे पडद्याचा कर्ण. पायथागोरसाच्या सिद्धांताने रुंदी काढली, तर १६ : ९ प्रमाणाच्या पडद्याची रुंदी ९५ आणि उंची ५३.५ सेंटिमीटर येते. या रुंदीत १,९२० ठिपके असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा मिलिमीटर आला. म्हणजे १.७ मीटरांपेक्षा जवळ बसले तर ठिपके जाणवू लागतील. चारपट ठिपक्यांच्या, म्हणजे फोर-के संचाच्या जवळ बसले तरी चालते.

आता भिंत निवडू. त्यासाठी आरसा घ्या. जिथे टीव्ही लावायचा तिथे एकाने आरसा भिंतीला चिकटवून धरावा. तुम्ही नेहमीच्या जागी बसा आणि आरशात पाहा. खिडकी दिसली का? दिसली, तर दुपारी पडद्यावर चित्राऐवजी खिडकीच दिसणार. कारण आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात. हा नियम आरशाला लागू आहे तसा पडद्यालाही. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून, अशी तीनदा परीक्षा घ्या. ताईची मोकळी भिंत बहुधा या परीक्षेत नापास होईल. खिडकीला काटकोनात असलेली भिंत बरेचदा उत्तीर्ण होते.

स्टँड म्हणजे तरफ

आता धाकट्याची मागणी पाहू. आधी एक प्रयोग करा. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली छातीजवळ धरून मिनिटभर उभे राहा. मग तीच बाटली हात सरळ पुढे ताणून धरा. वजन तेच आहे, पण खांदा लवकरच कुरकुरू लागतो. भार तोच राहिला, भारभुजा मात्र वाढली!

भिंतीवरच्या स्टँडचेही असेच होते. त्याची पट्टी स्क्रूंनी भिंतीला बसवतात. टीव्हीचे वजन पट्टीला पुढे खेचते. पट्टीची खालची कड भिंतीवर टेकलेली असते, तोच टेकू. वरचे स्क्रू पट्टीला मागे धरून ठेवतात. खालच्या कडेपासून वरचे स्क्रू २० सेंटिमीटरांवर आहेत असे समजू. नियम तुम्हाला पाठ आहे: भार × भारभुजा = बल × बलभुजा.

पहिला प्रकार भिंतीलगतच्या स्थिर स्टँडचा. ८ किलोच्या संचाचा गुरुत्वमध्य भिंतीपासून ५ सेंटिमीटर दूर. ८ × ५ = ४० आणि ४० भागिले २० म्हणजे २. वरच्या स्क्रूंवर फक्त २ किलो वजनाइतकी ओढ.

दुसरा प्रकार पुढे ओढता येणाऱ्या स्टँडचा. संच भिंतीपासून ५० सेंटिमीटर पुढे आणला. ८ × ५० = ४०० आणि भागिले २० म्हणजे २०. संच तोच, पण ओढ दहापट! यात स्टँडच्या लोखंडी हाताचे वजन धरलेलेच नाही.

आता धाकटा पुढे ओढलेल्या संचाला लोंबकळला आणि त्याच्या वजनातले २० किलो संचावर आले, तर २८ × ५० = १,४०० आणि भागिले २० म्हणजे ७०. दोन किलोवरून सत्तर किलो! आता सांगा, त्याला तो स्टँड द्यायचा का?

कोपऱ्यातला टीव्ही दोन खोल्यांतून पाहायचा असेल, तर असा स्टँड कामाचा आहे. पण भिंत पक्की हवी आणि लोंबकळणारे कोणी नको. एरवी स्थिर किंवा झुकणारा स्टँड पुरतो. स्टँडवर लिहिलेली वजनाची मर्यादा संचाच्या वजनाच्या निदान दुप्पट असावी. संचाच्या पाठीवर चार भोके असतात. त्यांचे अंतर मोजून घ्या. '२०० × २००' म्हणजे आडवे २०० आणि उभे २०० मिलिमीटर. स्टँडच्या खोक्यावर हेच माप हवे.

भिंतीच्या पोटात काय आहे?

आमच्या इमारतीत एका घरी टीव्ही लावून दोनच महिने झाले होते. एका रात्री मोठा आवाज झाला. संच जमिनीवर पालथा पडला होता. संध्याकाळी त्याच जागी त्यांची चार वर्षांची मुलगी खेळत बसली होती. स्क्रू पाहिले, तर ते सरळच होते, वाकलेले नव्हते. प्रत्येकाला प्लॅस्टिकची गिट्टी तशीच चिकटलेली आणि गिट्टीभोवती गिलाव्याचा भुगा! गिट्ट्या विटेपर्यंत पोहोचल्याच नव्हत्या.

स्क्रू सिमेंटमध्ये लाकडासारखा धरत नाही. म्हणून भोकात आधी गिट्टी बसवतात. स्क्रू आत शिरला की गिट्टी फुगते, भोकाच्या भिंतींवर दाब देते आणि त्या दाबामुळे निर्माण होणारे घर्षण स्क्रूला धरून ठेवते. पण दाबायला कठीण पदार्थ हवा. वरचा गिलावा दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा आणि ठिसूळ असतो. तेव्हा गिट्टी पूर्णपणे गिलाव्यापलीकडे गेली पाहिजे.

आत काय आहे ते ड्रिलची भुकटी सांगते. भुकटी लाल आली तर वीट. करडी आली आणि ड्रिल किंचाळू लागले, तर काँक्रीट. ही दोन्ही चांगली. पांढरट भुकटी भुरुभुरु आली, तर हलक्या ठोकळ्यांची भिंत. हे ठोकळे करताना मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालतात. तिच्यापासून हायड्रोजन वायू सुटतो आणि ठोकळाभर बुडबुडे होतात. कोरडा ठोकळा पाण्यावर तरंगतो! त्यासाठी वेगळ्या, लांब गिट्ट्या मिळतात. बोटाने ठोकल्यावर भिंत पोकळ वाजली, तर ती पातळ फळ्यांची आहे. तिच्या आतल्या चौकटीतच स्क्रू बसवावे लागतात. गावाकडच्या मातीच्या भिंतीला टीव्ही टांगूच नये. तो रुंद, ठेंगण्या कपाटावर मागे सरकवून ठेवावा आणि पट्ट्याने मागच्या पक्क्या खांबाला बांधावा.

पावसाळ्यात ओल धरणारी भिंतही टाळा. विजेच्या बटणांच्या थेट वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नये. भिंतीत दडलेल्या तारा बहुधा त्याच रेषांत जातात. ड्रिल मात्र तुम्ही हाती घेऊ नका. ते कारागिराचे काम.

कागदाचा टीव्ही

सर्वांत शेवटी वर्तमानपत्राचा ९५ × ५३.५ सेंटिमीटर मापाचा तुकडा कापा आणि ठरवलेल्या जागी चिकटवा. दोन दिवस तसाच राहू द्या. जाता-येता पाहा, बसून पाहा, आजीला विचारा. कोणाची मान दुखत असेल, तर कागद खाली सरकवा. कागद सरकवायला पैसे पडत नाहीत आणि भिंतीला भोकेही पडत नाहीत. जागा पक्की झाली, की पेन्सिलीने खुणा करा. टीव्हीची वरची कड आडवी आहे की नाही, हे पाणसळीने तपासून घ्या. तसबिरीच्या वाकडेपणाची सवय होते, टीव्हीच्या होत नाही.

मग कारागीर येईल, वायर सोडवील आणि विचारील, "बोला, कुठं लावायचा?" तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या खुणांकडे बोट दाखवा. गिट्टी गिलाव्यापलीकडे गेली का, हेही त्याला विचारा. तो हसेल कदाचित, पण लांब गिट्टी शोधायला पिशवीत हात नक्की घालील.