तिकिटावरची वेळ कशी वाचायची?



आपल्या गटातल्या एका मावशींचा मुलगा दुबईला कामाला गेला. तिकिटावर लिहिलं होतं, मुंबईहून पहाटे ४ला निघणार, दुबईला ५:४५ला पोहोचणार. पावणेसहा वाजले आणि मावशी फोन लावून बसल्या. फोन बंद! सात वाजले तरी बंद. मावशींच्या घशाखाली चहा उतरेना. सव्वासात वाजून गेल्यावर मुलाचा फोन आला, "आई, आत्ताच उतरलो."

विमानाला उशीर झालाच नव्हता. चूक झाली ती वेळ वाचताना. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे लिहितात.

दुबई आपल्या पश्चिमेला आहे. तिथे सूर्य आपल्यानंतर उगवतो, म्हणून तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. दुबईत पावणेसहा वाजतात, तेव्हा जालन्यात सव्वासात झालेले असतात. म्हणजे प्रवास झाला सव्वातीन तासांचा. मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर आहे. विमान तासाला ८००-९०० किलोमीटर जातं, शिवाय चढायला-उतरायला वेळ लागतो. हिशेब बरोबर जुळतो.

तेव्हा जाताना तिकिटावरच्या दोन वेळांमधल्या फरकात दीड तास मिळवा, येताना दीड तास वजा करा. दुबईहून रात्री १०ला निघालेलं विमान मुंबईत रात्री २:३०ला उतरलं, तर फरक साडेचार तासांचा दिसतो, पण प्रवास तीनच तासांचा.

अमेरिकेचं गणित याहून मोठं. मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमानालाही जाताना १५-१६ तास लागतात. येताना सहसा थोडे कमी लागतात, कारण उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून रेटा देतात. न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा तास.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिकिटावर '१५ तारीख, ००:४०' असं असेल, तर ते विमान १४ तारखेच्या रात्री बारानंतर लगेच सुटतं. १५च्या रात्री गेलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल आणि तिकिटाचे पैसेही बुडतील. परदेशाच्या विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर पोहोचावं लागतं. जालन्याहून मुंबईला रेल्वेने सातेक तास लागतात, पुढे स्टेशनवरून विमानतळ गाठायचा. म्हणून १४ तारखेला सकाळीच घर सोडा.

आणि विमान उतरलं की लगेच फोन येईलच असं नाही. पासपोर्टची तपासणी, सामान यात तासभर सहज जातो. तेवढा धीर धरा.

घरातलं कुणी परदेशी निघालं, की पोहोचण्याची वेळ आपल्या घड्याळाप्रमाणे कागदावर लिहून भिंतीला लावा. जीव टांगणीला लागणार नाही.