प्रवाळ नव्हे, तरी प्रवाळासारखे : बागच्या चुनखडीचे अंतरंग

मराठा पवार घराण्याच्या धार आणि देवास या दोन्ही जुन्या राजधान्या काळ्या कातळावर वसल्या आहेत. हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. पण धार जिल्ह्यात नर्मदेच्या दिशेने उतरू लागले, की बाग, झीराबाद, चिराखान या भागात त्याच्याखालून तांबूस-पिवळसर चुनखडी उघडी पडते. ही चुनखडी चक्क समुद्रात तयार झाली आहे! सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर वावरत होते त्या काळात, पश्चिमेकडून एक उथळ समुद्र नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता.

आज देवास जिल्ह्यात असलेल्या नेमावरपासून गुजरातेतल्या कवांटपर्यंतचा पट्टा प्रमथनाथ बोस यांनी अभ्यासला आणि १८८४ मध्ये त्याचे भूशास्त्र प्रसिद्ध केले. इथल्या सर्वांत वरच्या सागरी थराला ‘कोरलाइन लाइमस्टोन’, म्हणजे प्रवाळी चुनखडी, म्हणतात. त्यात बारीक फांद्यांचे असंख्य तुकडे खच्चून भरलेले आहेत. पाहताक्षणी वाटते, ही पोवळीच!

खरे-खोटे ठरते ते आतल्या रचनेवरून. दगडाची चकती घासून ०.०३ मिलिमीटर इतकी पातळ केली, की तिच्यातून प्रकाश आरपार जातो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जीवाश्माचे अंतरंग उघडते. प्रवाळाचा एकेक जीव ज्या चुन्याच्या प्याल्यात राहतो, त्यात आडव्या कापलेल्या लिंबासारखे, कडेकडून मध्याकडे जाणारे चुन्याचे पडदे दिसतात. या पडद्यांवरच प्रवाळांचे वर्गीकरण उभे आहे. रुगोज प्रवाळात पहिल्या सहा पडद्यांनंतर नवे पडदे फक्त चार जागी वाढत. टॅब्युलेट प्रवाळात उभे पडदे नाममात्र, आडवे तक्तेच ठळक. हे दोन्ही गट सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी समूळ नष्ट झाले. त्यानंतर आलेल्या आणि आजही जिवंत असलेल्या स्क्लेरॅक्टिनियन प्रवाळात पडदे सहाच्या पटीत वाढतात.

बागच्या त्या फांद्यांत मात्र असे पडदेच नाहीत! दिसतात त्या एकमेकींना चिकटलेल्या अतिसूक्ष्म नळ्या. हे प्रामुख्याने ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे चिमुकले जलचर. जी. डब्ल्यू. चिपळोणकर यांनी १९३९ मध्ये बागच्या ब्रायोझोआंवर शोधनिबंध लिहिला. पुढे १९७७ मध्ये त्यांनी घारे आणि बडवे यांच्यासह बागच्या साऱ्या जीवाश्मांचा आढावा घेतला.

ब्रायोझोआ आणि प्रवाळ यांचे कूळच वेगळे. प्रवाळ जेलीफिशचे भाऊबंद. त्यांना एकच तोंड, अन्न आत येते तिथूनच मळ बाहेर जातो. ब्रायोझोआचा एकेक जीव मिलिमीटरहून लहान, पण त्याला तोंड वेगळे, गुदद्वार वेगळे, मध्ये वळलेले आतडे आणि तोंडाभोवती अन्न गाळणाऱ्या स्पर्शकांचे वलय. तरीही दोघांचे बाह्य रूप इतके सारखे, कारण दोघांचेही जगणे एका जागी चिकटून, वसाहत करून, पाण्यातून येईल ते अन्न टिपण्याचे. फांद्या फुटल्या की अधिक तोंडांना पाणी मिळते. निसर्गाने एकच युक्ती दोन परक्या कुळांत स्वतंत्रपणे घडवली, याहून थक्क करणारे काय असेल?

बाग लेणी पाहायला गेलात, तर सोबत एक भिंग जरूर ठेवा. आसपासच्या चुनखडीवर ते धरा, त्या फांद्या नीट न्याहाळा. मात्र एकही तुकडा फोडून आणू नका. कोणत्या थरात सापडला हे हरवले, की जीवाश्माची निम्मी साक्ष पुसली जाते.