कौलं आणि स्लॅब यांच्यामधले सहा इंच

भोपाळमधल्या जुन्या घरांत एक रचना हमखास दिसते. पुढच्या खोल्यांवर उतरती कौलं, म्हणजे इथल्या बोलीत कवेलू, आणि मागे कुटुंब वाढल्यावर काढलेल्या स्वयंपाकघरावर सपाट स्लॅब. कौलं शाबूत असतात, स्लॅबही ठणठणीत असतो. गळतो तो दोघांचा सांधा. मग दिवाळीला पुण्या-बंगळुरूहून आलेली मुलं भिंतीवरचे ओघळ बघतात आणि म्हणतात, "आई, आता हे पाडूया, नाहीतर विकून फ्लॅट घेऊया."

बांधकामाच्या निमित्ताने असे बरेच सांधे मी उघडून पाहिले आहेत. पाडण्यासारखं त्यांत क्वचितच काही निघालं.

आढ्याचं पाणी वळचणीला जाणार, हे आपण म्हणीतूनच शिकलो. पण वळचणीखाली अंगणाऐवजी स्लॅब असेल तर त्या पाण्याचं काय होतं, हे जरा हिशेबाने बघा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. वरून मोजल्यास १५ बाय १२ फुटांच्या कौलारू उतारावर तासाभरात २५ मिलीमीटर पाऊस झाला, तर चारशेहून जास्त लिटर पाणी एकाच रेषेवर येऊन पडतं. भोपाळमध्ये वर्षाला सरासरी ११०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. म्हणजे या सांध्याची परीक्षा चार महिन्यांत होते, आणि कडक होते.

यावर मिस्त्री लोकांचं आवडतं औषध म्हणजे सिमेंटचा गोला. कौलाच्या कडेपासून स्लॅबपर्यंत माल भरायचा, वर घोटून गुळगुळीत करायचा. पहिल्या वर्षी छान दिसतो. पण पाच मीटरचा स्लॅब तीस अंशांच्या फरकाने साधारण दीड मिलीमीटर लांबतो-आखडतो. कौलाखालचे लाकडी वासे आणि रिपा आपल्या चालीने हलतात. दोघांना जखडून ठेवलेला गोला मधोमध तडकतो, आणि केसाएवढी ती भेग पाणी आत ओढून घेते. माझं स्पष्ट मत आहे की गोला लावण्यापेक्षा सांधा उघडा ठेवलेला परवडतो, निदान कुठून गळतंय ते दिसतं तरी.

शिवाजी नगरात ओळखीच्या एका काकू एकट्या राहतात. त्यांच्या घरी गळतीचं पाणी थेट स्वयंपाकघरातल्या विजेच्या बोर्डावर उतरत होतं. बोर्डाला हात लावला की झिणझिण्या यायच्या, म्हणून पावसात त्या मेन स्विच बंद करून मेणबत्तीवर स्वयंपाक करायच्या. मुलाला यातलं काही सांगितलं नव्हतं. "सांगितलं तर उद्याच घर विकायला काढेल," म्हणाल्या. गळतीचं पाणी बोर्डाजवळ आलं तर पहिला फोन इलेक्ट्रिशियनला करायचा, मिस्त्रीला नंतर. तो त्यांच्यासमोरच केला.

मग वर चढलो. स्लॅबवर आधी ब्रिकबॅट कोबा, गळला म्हणून त्यावर चायना मोज़ेक, तेही गळलं म्हणून त्यावर आणखी दोन इंचांचा थर. दर दुरुस्तीने गच्ची वर येत गेली आणि कौलाची कड मात्र जागच्या जागी. टेप लावली तर मध्ये जेमतेम दीड इंच उरला होता. एवढ्या कमी उंचीवर पाण्याचे शिंतोडे उडून वाऱ्यानिशी कौलाखाली शिरतात. त्यातून पानांनी खुर्रा तुंबला की गच्चीवर तळं साचतं आणि ते सरळ कौलाखालून भिंतीत उतरतं. २०१६ साली स्मार्ट सिटी आधी शिवाजी नगर–तुलसी नगरात होणार होती, विरोधामुळे ती टी.टी. नगरला गेली आणि इथली झाडं वाचली. वाचली याचा आनंदच आहे, फक्त त्यांची पानं आपल्या खुर्र्यात येतात.

इलाज थर वाढवण्याचा नव्हता, काढण्याचा होता. सगळं खरवडून मूळ स्लॅबपर्यंत गेलो तेव्हा कौलाच्या कडेपर्यंत नऊ इंच निघाले. नवा कोबा घातला, उतार सांध्यापासून बाहेर, दहा फुटांना सव्वा इंच. सांध्यापाशी तो तीन इंच जाड झाला, सहा इंच उरले. ते सहा इंच कुणालाही भरू द्यायचे नाहीत.

वॉटरप्रूफिंगचा पट्टा स्लॅबवरून वळवून भिंतीवर सहा इंच चढवला. शेवटच्या दोन ओळींची कौलं उचलून त्यांखाली जस्ती पत्रा सरकवला आणि त्याची खालची बाजू त्या पट्ट्यावरून खाली सोडली. पत्र्याला खिळे फक्त वर, कौलांनी झाकल्या जाणाऱ्या भागात. खालची कड मोकळी, सिमेंटमध्ये गाडलेली नाही, म्हणजे स्लॅब आणि लाकूड आपापले हलू शकतात. वरच्याने खालच्याला झाकायचं, एवढीच युक्ती आहे. धर्मशाळेकडे डोंगरात पाटीच्या दगडाची छपरं असतात, विलायतेत तशाच छपरांना शिशाचा पत्रा लावतात. नियम सगळीकडे हाच.

काम संपल्यावर खुर्रा कापडाने बंद करून चोवीस तास गच्चीवर इंचभर पाणी उभं केलं. मग नळीने पाणी मारलं, पण खालून सुरुवात करून: आधी स्लॅबची कड, दहा-पंधरा मिनिटांनी भिंत, मग पत्रा, शेवटी कौलं. एकदम वरून पाणी सोडलं तर गळती कुठली ते कळत नाही. त्या पावसाळ्यात बोर्ड कोरडा राहिला. मुलानेही घर विकण्याचं पुन्हा काढलं नाही, निदान माझ्यासमोर तरी.

हे काम मार्च-एप्रिलमध्ये करून घ्या. जूनमध्ये मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर गोलाच लावून जातो. जुनी कौलं उतरवताना फेकू नका. मंगळुरूत बासेल मिशनच्या कारखान्यात १८६५ पासून ही खाचेची कौलं बनू लागली, पुढे ठिकठिकाणी कारखाने निघाले, आणि एका कारखान्याच्या कौलाची खाच दुसऱ्याच्या कौलात नीट बसेलच असं नाही. तुमच्या मापाची दहा-बारा कौलं जिन्याखाली ठेवून द्या. माकडं छपरावरून उड्या मारत गेली की दोन-चार फुटतातच.